हौसेला मोल नव्हते तेव्हा : लीला राव यांची टेनिस कारकीर्द

विम्बल्डनच्या हिरवळीवर महिला एकेरीची लढत जिंकणारी पहिली भारतीय खेळाडू म्हणून लीला राव यांचे नाव नोंदले गेले आहे. ही लढत १९३४ साली झाली. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेतील महिला एकेरीचे विजेतेपद त्यांनी सात वेळा मिळवले. संस्कृत नाटके आणि भारतीय नृत्यावरील ग्रंथ लिहिणाऱ्या विदुषी म्हणूनही त्या ओळखल्या जातात. एवढे असूनही भारतीय टेनिसच्या लोकप्रिय इतिहासात त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. महिला टेनिसची गोष्ट बहुधा १९९८ मधील निरुपमा वैद्यनाथन किंवा २००५ मधील सानिया मिर्झा यांच्यापासून सुरू केली जाते. लीला राव खेळल्या तो काळ हौशी टेनिसचा होता. त्या काळात विजयाचे पैसे मिळत नसत, जागतिक क्रमवारीचा संगणक नव्हता आणि खेळाडूच्या नावामागे पुरस्कर्त्या कंपन्याही उभ्या नव्हत्या. त्यामुळे त्यांची कारकीर्द समजून घ्यायची तर आधी तो काळ समजून घ्यावा लागतो.

घराणे आणि संस्कार

लीला राव यांचा जन्म १९ डिसेंबर १९११ रोजी झाला. त्यांच्या आईचे घराणे मूळचे कोकणातील बांबुळी येथील पंडितांचे. आजोबा शंकर पांडुरंग पंडित हे एकोणिसाव्या शतकातील नामवंत संस्कृत पंडित होते. 'रघुवंश', 'मालविकाग्निमित्र', 'विक्रमोर्वशीय' यांच्या चिकित्सक आवृत्त्या आणि सायणभाष्यासह अथर्ववेद हे त्यांचे मोठे काम. मराठी वाचकांना ते आणखी एका कारणासाठी जवळचे वाटतात. विष्णुशास्त्री पंडित यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेली तुकारामबोवांच्या अभंगांची गाथा मुंबईत 'इंदुप्रकाश' छापखान्यातून प्रसिद्ध झाली आणि पुढील पिढ्यांच्या तुकाराम-अभ्यासाचा ती आधार ठरली.

शंकर पांडुरंगांची कन्या म्हणजे पंडिता क्षमाबाई राव (१८९०-१९५४). वडील गेले तेव्हा क्षमाबाई अगदी लहान होत्या. पुढे त्यांनी संस्कृतात स्वतंत्र आणि विपुल लेखन केले. महात्मा गांधींच्या आंदोलनावरील त्यांचे 'सत्याग्रहगीता' हे काव्य १९३२ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाले. तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रकाव्ये त्यांनी संस्कृतात रचली. विधवांची स्थिती, स्त्रियांची घरातील कोंडी, खेड्यातील सत्याग्रह असे समकालीन विषय त्यांच्या कथांत आले. संस्कृत ही केवळ देवादिकांची भाषा न राहता आजच्या माणसाची भाषा व्हावी, हा त्यांचा आग्रह होता.

क्षमाबाई स्वतः टेनिस उत्तम खेळत. त्यांचे पती डॉ. राघवेंद्र राव हे मुंबईतील प्रख्यात वैद्यक आणि जीवाणूशास्त्रज्ञ. संशोधक वृत्तीचा पिता आणि ग्रंथ व रॅकेट दोन्ही हाताळणारी माता अशा घरात लीला वाढल्या. त्यांचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले आणि युरोपच्या प्रवासांनी त्याला जोड मिळाली. ज्या पिढीत मुलीचे शाळेत जाणे हाच अनेक घरांत वादाचा विषय होता, त्या पिढीतील ही परिस्थिती अपवादात्मक होती. लीला राव यांच्या यशाचा विचार करताना हा अपवाद नजरेआड करता येत नाही.

'हौशी' म्हणजे काय?

लॉन टेनिसचा आधुनिक अवतार इंग्लंडमध्ये १८७० च्या दशकात घडला. विम्बल्डनची स्पर्धा १८७७ मध्ये सुरू झाली आणि महिला एकेरी १८८४ पासून खेळवली जाऊ लागली. आरंभापासून १९६७ पर्यंत या आणि अशा सर्व प्रमुख स्पर्धा केवळ हौशी खेळाडूंसाठी होत्या. खेळण्याबद्दल किंवा शिकवण्याबद्दल पैसे घेणारा खेळाडू व्यावसायिक ठरे आणि त्याला या स्पर्धांचे दार बंद होई. विजेत्याला करंडक मिळे, मान मिळे, वृत्तपत्रांत छायाचित्र येई. रोख रक्कम मिळत नसे.

'हौसेला मोल नाही' असे मराठीत म्हटले जाते. हौशी टेनिसच्या बाबतीत हे शब्दशः खरे होते, पण त्यातून खेळाचे सामाजिक कुंपणही तयार झाले. मोल मिळणार नसेल तर ज्याच्या घरी आधीच पैसा आहे तोच वर्षानुवर्षे खेळू शकतो. प्रवास, निवास, रॅकेट, चेंडू, पोशाख, मैदानाची वर्गणी हा सर्व खर्च घरातून व्हावा लागे. स्त्रियांच्या बाबतीत याला आणखी एक अट जोडलेली असे. घरच्यांची नुसती परवानगी पुरत नसे, त्यांची सक्रिय साथ लागे.

युरोपातही चित्र फारसे वेगळे नव्हते. नेदरलँड्सच्या केआ बौमन यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९०३ मध्ये आल्मेलो येथे जन्मलेल्या बौमन यांनी १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हेंड्रिक टिमर यांच्या साथीने मिश्र दुहेरीचे कांस्यपदक जिंकले. १९२७ मध्ये अंतिम लढतीत दक्षिण आफ्रिकेच्या आयरिन पीकॉक यांना पराभूत करून त्या फ्रेंच स्पर्धेच्या विजेत्या झाल्या आणि १९२९ मध्ये स्पेनच्या लिली दे आल्वारेझ यांच्यासह त्यांनी तेथील महिला दुहेरीचे विजेतेपदही मिळवले. ग्रँड स्लॅम स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवणाऱ्या त्या आजही एकमेव डच महिला आहेत. १९९८ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. असे यश आज कोणाही खेळाडूला कोट्यधीश करते. बौमन यांच्या काळात त्याचे मोल करंडकापुरते होते.

हौशीपणाच्या या सोवळ्याला पहिला मोठा धक्का १९२६ मध्ये बसला. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांनी व्यावसायिक होऊन अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळण्याचे ठरवले आणि विम्बल्डनसह सर्व हौशी स्पर्धांना त्या कायमच्या अंतरल्या. ऑलिम्पिकमधून टेनिस १९२४ नंतर बाहेर पडले, त्यामागेही हौशीपणाच्या व्याख्येवरून झालेला वाद हे एक कारण होते. पदकाच्या खेळात टेनिस परतले ते थेट १९८८ मध्ये. लीला राव यांनी रॅकेट हाती घेतली तेव्हा जगातील टेनिस अशा कडक नियमांनी बांधलेले होते.

भारतातील मैदाने

भारतात टेनिस आणले ते ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि लष्कराने. लाहोर व कलकत्ता येथील प्रांतिक स्पर्धा १८८० च्या दशकातच सुरू झाल्या. अलाहाबाद येथे १९१० पासून अखिल भारतीय स्पर्धा भरू लागली. अखिल भारतीय लॉन टेनिस संघटनेची स्थापना १९२० मध्ये झाली आणि १९२१ मध्ये भारताने डेव्हिस करंडक स्पर्धेत प्रथमच भाग घेतला.

पुरुषांमध्ये भारतीय खेळाडू लवकर पुढे आले. महिलांच्या स्पर्धांत मात्र दीर्घकाळ इंग्रज व अँग्लो-इंडियन खेळाडूंचे वर्चस्व राहिले. भारतीय स्त्रीने परक्या पुरुषांच्या देखत मैदानात धावावे, ही कल्पनाच समाजाला मानवणारी नव्हती. पारशी समाजाने ही कोंडी काही प्रमाणात फोडली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई टाटा साडी नेसूनच टेनिस खेळत आणि अनेक स्पर्धांत त्यांनी पारितोषिके मिळवली होती. स्त्रीने खेळण्यासाठी आपला पोशाख टाकला पाहिजे असे नाही, हे त्यांनी कोणतीही चर्चा न करता दाखवून दिले.

जिल्ह्याच्या ठिकाणी टेनिसचे मैदान म्हणजे क्लबाचे आवार असे समीकरण होते. वऱ्हाडातील अमरावती व अकोला ही शहरे कापसाच्या व्यापाराने संपन्न झाली होती. वकिली, सरकारी नोकरी आणि व्यापार यांच्या आधारे तेथे नवा सुशिक्षित वर्ग उभा राहिला होता. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरवण्याची क्षमता अमरावतीने दाखवली होती. तरीही टेनिस हा खेळ तेथे लोकांचा खेळ झाला नाही. एका मैदानाला लागणारी जागा, त्याची सततची निगा, परदेशी बनावटीच्या रॅकेटी आणि लवकर झिजणारे चेंडू यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा होता. एका मैदानावर एका वेळी दोघे किंवा चौघेच खेळू शकतात, हेही खरे. मोठ्या संख्येने मुलांना सामावून घेणारा हा खेळ नव्हे. म्हणूनच लीला राव यांच्यासारखी खेळाडू मुंबईत घडली, याचे आश्चर्य वाटत नाही. विविध जिमखाने, परदेशी खेळाडूंची ये-जा आणि बंदरातून युरोपला जाणारी बोट या तिन्ही गोष्टी मुंबईत होत्या.

राष्ट्रीय विजेतेपद

१९३१ मध्ये लीला राव यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत महिला एकेरीचे विजेतेपद पटकावले. तेव्हा त्यांनी वयाची विशीही पार केली नव्हती, किंवा नुकतीच गाठली होती. परकीय खेळाडूंच्या सावलीत राहिलेल्या स्पर्धेत मुंबईची एक भारतीय तरुणी विजेती ठरणे ही त्या काळी लक्षणीय घटना होती.

या यशाची राजकीय पार्श्वभूमीही ध्यानात घेण्यासारखी आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगाने देश ढवळून निघाला होता. मुंबईत शेकडो स्त्रिया मिठाच्या सत्याग्रहात, दारूच्या दुकानांवरील निदर्शनांत आणि परदेशी कापडावरील बहिष्कारात उतरल्या होत्या. स्त्रीचे सार्वजनिक जागेत येणे याच दोन-तीन वर्षांत मोठ्या प्रमाणावर समाजमान्य झाले. क्षमाबाईंनी त्या चळवळीवर संस्कृत काव्य रचले आणि ते भारताबाहेर पॅरिसमध्ये छापले गेले. कन्येने साम्राज्याच्या राजधानीत, साम्राज्यकर्त्यांच्या खेळात, त्यांच्याच मैदानावर उतरण्याची तयारी सुरू केली. एकाच घरातील या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटू शकतात. पण परक्यांची विद्या आणि परक्यांचा खेळ आत्मसात करून त्यांच्याशी बरोबरीने उभे राहणे, ही त्या पिढीच्या आत्मसन्मानाची एक रीतच होती.

विम्बल्डन, १९३४

मुंबईहून इंग्लंडला जाणे हा त्या काळी दोन-तीन आठवड्यांचा प्रवास होता. बोट एडनमार्गे सुएझ कालवा ओलांडून भूमध्य समुद्रात शिरे. पुढे कोणी मार्सेलला उतरून आगगाडीने जाई, कोणी थेट लंडन गाठे. या काळात खेळाडूचा सराव खंडित होई. पोहोचल्यावर इंग्लंडची थंड हवा, ओलसर हिरवळ आणि त्यावर खाली राहून सरपटत येणारा चेंडू यांच्याशी जुळवून घेण्यास अवधी लागे. तेथील खेळाडू मात्र मे महिन्यापासून लहानमोठ्या स्पर्धा खेळून तयार झालेले असत. सोबत प्रशिक्षक, वैद्यक, सरावाचा जोडीदार असा लवाजमा नेणे कोणालाच परवडत नसे.

अशा परिस्थितीत १९३४ च्या विम्बल्डनमध्ये पहिल्या फेरीत लीला राव यांची गाठ इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेल यांच्याशी पडली. पहिला सेट साउथवेल यांनी ६-४ असा घेतला. दुसरा सेट लांबला. टायब्रेकरची पद्धत तेव्हा नव्हती. दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. सहा-सहा, सात-सात, आठ-आठ अशी बरोबरी होत गेली तर पिछाडीवरील खेळाडूवरचे दडपण प्रत्येक गेमगणिक वाढत जाते, कारण तिच्यासाठी एक चूक म्हणजे सामन्याचा शेवट असतो. लीला राव यांनी तो सेट १०-८ असा जिंकला. तिसऱ्या सेटमध्ये त्यांनी प्रतिस्पर्ध्याला ६-२ असे निष्प्रभ केले. ४-६, १०-८, ६-२ असा हा निकाल आहे.

एकूण ३६ गेमच्या या लढतीतील १८ गेम एकट्या दुसऱ्या सेटमध्ये खेळले गेले. या आकड्यांवरून सामन्याची जातकुळी कळते. हा विजय नशिबाने हाती आलेला नव्हता किंवा प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्याने मिळालेला नव्हता. पराभवाच्या कडेवरून परत फिरून तो मिळवावा लागला होता.

दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या आयडा आदामॉफ यांनी लीला राव यांना पराभूत केले. रशियन वंशाच्या आदामॉफ या त्या काळी फ्रान्सच्या आघाडीच्या खेळाडूंपैकी होत्या. त्या वर्षी महिला एकेरीचे विजेतेपद इंग्लंडच्या डोरोथी राउंड यांनी मिळवले आणि पुरुष एकेरीत फ्रेड पेरी प्रथमच विजेते ठरले. ब्रिटिश वृत्तपत्रे या दुहेरी आनंदात होती. पुढील वर्षी, १९३५ मध्ये लीला राव पुन्हा विम्बल्डनमध्ये उतरल्या, परंतु एव्हलिन डिअरमन यांच्याकडून पहिल्याच फेरीत त्यांना हार पत्करावी लागली.

युद्धाने हिरावलेली वर्षे

मायदेशी लीला राव यांचे वर्चस्व यानंतर अधिक ठळक झाले. १९३६, १९३७ आणि १९३८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी अखिल भारतीय विजेतेपद जिंकले. १९४० आणि १९४१ मध्ये ते पुन्हा त्यांच्याकडे आले. १९४३ मध्ये त्यांनी ते सातव्यांदा मिळवले. पहिल्या आणि सातव्या विजेतेपदांत बारा वर्षांचे अंतर आहे. इतका काळ सर्वोच्च पातळीवर टिकून राहणे केवळ गुणवत्तेवर साधत नाही. त्यासाठी सातत्य आणि शारीरिक तंदुरुस्तीही लागते.

या यादीतील शेवटच्या तीन विजेतेपदांकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले पाहिजे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. १९४० ते १९४५ या सहा वर्षांत विम्बल्डनची स्पर्धा झालीच नाही. ऑक्टोबर १९४० मध्ये तर तेथील मध्यवर्ती मैदानाच्या प्रेक्षागृहावर जर्मन बॉम्ब पडला. लीला राव यांची २८ ते ३३ ही वर्षे, म्हणजे अनुभव आणि ताकद यांचा मेळ बसण्याची वर्षे, याच काळात गेली. राष्ट्रीय विजेतेपद हाती असूनही जगापुढे उतरण्यासाठी स्पर्धाच उरली नव्हती. युद्ध संपून विम्बल्डन पुन्हा सुरू झाले तेव्हा त्या चौतीस वर्षांच्या होत्या.

हाच काळ वऱ्हाडात कसा गेला?

लीला राव मुंबईहून लंडनला जात होत्या, त्याच दशकात वऱ्हाडातूनही खेळाडूंचे एक पथक युरोपला गेले. अनंत आणि अंबादास वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये अमरावती येथे सुरू केलेले कार्य पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ या नावाने देशभर ज्ञात झाले. १९३६ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे भारतीय व्यायामप्रकारांची आणि कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच वर्षी लीला राव यांनी अखिल भारतीय विजेतेपद दुसऱ्यांदा जिंकले.

मुंबईची टेनिसपटू आणि अमरावतीचे मल्ल यांच्यात वरवर पाहता काहीही साम्य नाही. तरीही दोघे 'हौशी'च होते. खेळून कोणालाही पैसे मिळत नव्हते. फरक होता तो हौशीपणामागील अर्थाचा. टेनिसमधील हौशीपणा सुखवस्तू वर्गाने आखलेल्या नियमातून आला होता. त्यात पोट भरण्यासाठी खेळणाऱ्याला बाहेर ठेवण्याची सोय होती. आखाड्यातील हौशीपणा सेवेच्या आणि राष्ट्रकार्याच्या कल्पनेतून आला होता. तेथे मोकळी जागा आणि शिकवणारा वस्ताद एवढ्या भांडवलावर शेकडो मुले घडत होती. पहिल्या मार्गाने एक एकटी खेळाडू जगाच्या मैदानापर्यंत पोहोचली. दुसऱ्या मार्गाने एका जिल्ह्याच्या गावात व्यायामाची परंपरा रुजली आणि आज तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय उभे आहे.

स्त्रियांच्या दृष्टीने मात्र दोन्ही मार्ग अपुरे होते. टेनिसचे मैदान मूठभर घरांतील मुलींना खुले होते, आखाडा प्रामुख्याने मुलांचा होता. वऱ्हाड-खानदेशातील सामान्य घरांतील मुलींना खेळाचे मैदान मिळाले ते पुढे शाळा-महाविद्यालयांमुळे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाल्यावर. अमरावतीच्या खासदार राहिलेल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील या महाविद्यालयीन जीवनात टेबल टेनिसच्या नामांकित खेळाडू होत्या, ही त्या बदलाचीच खूण होय.

रॅकेट ठेवल्यानंतर

१९४३ च्या सुमारास लीला राव यांचा विवाह भारतीय सनदी सेवेतील हरीश्वर दयाळ यांच्याशी झाला. दयाळ पुढे परराष्ट्र सेवेत गेले. स्वातंत्र्यानंतर ते सिक्कीममध्ये राजकीय अधिकारी होते आणि नंतर नेपाळमध्ये भारताचे राजदूत. हिमालयातील भ्रमंतीचे त्यांना वेड होते. १९६४ मध्ये नेपाळमध्येच एव्हरेस्टच्या परिसरातील पदभ्रमणात त्यांचे निधन झाले.

लीला राव दयाळ यांनी या काळात नृत्य आणि साहित्य या दोन क्षेत्रांत ठोस काम केले. शास्त्रीय नृत्यातील पदन्यास व अंगविक्षेप यांची शिस्तबद्ध मांडणी करणारा 'नृत्तमंजरी' हा ग्रंथ त्यांनी लिहिला. मणिपुरी नृत्यावरही त्यांनी पुस्तक सिद्ध केले. संस्कृतातील त्यांचे कार्य अधिक व्यापक आहे. आईच्या कथा व चरित्रकाव्ये यांचे त्यांनी रंगमंचावर सादर करता येतील अशा लहान नाटकांत रूपांतर केले. 'बालविधवा', 'होलिकोत्सव', 'कटुविपाक', 'मिथ्याग्रहण', 'गणेशचतुर्थी' ही त्यांतील काही नावे. तुकाराम, ज्ञानेश्वर आणि मीराबाई यांच्या चरित्रांवरही त्यांनी संस्कृत नाटके लिहिली.

येथे एका घराण्याचे वर्तुळ पूर्ण होते. आजोबांनी तुकारामांची गाथा संपादित केली, आईने तुकारामांचे चरित्र संस्कृत काव्यात गायले आणि नातीने ते नाट्यरूपात आणले. देहूच्या वाण्याचे शब्द तीन पिढ्यांत तीन वेषांनी पुढे गेले. त्या साखळीतील तिसरी कडी विम्बल्डनच्या हिरवळीवर खेळून आलेली होती. संस्कृत साहित्याच्या अभ्यासकांना 'लीला राव दयाळ' परिचित आहेत. त्यांपैकी कितीजणांना त्यांच्या टेनिसची माहिती असते, हा प्रश्न वेगळा.

नोंद कशी हरवते?

१९४६ नंतर भारतीय महिला टेनिस पुढे सरकत राहिले. १९५२ मध्ये रीटा दावर यांनी विम्बल्डनच्या कनिष्ठ मुलींच्या एकेरीत अंतिम फेरी गाठली. तेथे त्यांना हरवणारी फेनी टेन बॉश ही डच खेळाडू होती. १९६८ मध्ये विम्बल्डनने हौशी-व्यावसायिक हा भेद मोडीत काढला आणि 'खुल्या' युगाचा आरंभ झाला. त्या वर्षीच्या महिला विजेत्या बिली जीन किंग यांना ७५० पौंड मिळाले, पुरुष विजेत्याला २००० पौंड. पैसा आला, पण तो सारख्या मापाने आला नाही. खुल्या युगाच्या आरंभीच्या वर्षांत मुंबईच्या निरुपमा मांकड यांनी १९७१ मध्ये आनंद अमृतराज यांच्या साथीने विम्बल्डनमध्ये मिश्र दुहेरीत भाग घेतला. त्यांना पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला.

१९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत निरुपमा वैद्यनाथन यांनी इटलीच्या ग्लोरिया पिझिचिनी यांना पहिल्या फेरीत हरवले, तेव्हा ग्रँड स्लॅममध्ये एकेरीची लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला असे त्यांचे वर्णन झाले. खुल्या युगापुरते ते योग्य आहे. २००५ मध्ये सानिया मिर्झा यांनी विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत जपानच्या अकिको मोरिगामी यांना नमवले, तेव्हा अभिलेख चाळणाऱ्यांना १९३४ ची नोंद पुन्हा सापडली. दोन विजयांत ७१ वर्षांचे अंतर होते.

अशी नोंद हरवण्याची कारणे साधी आहेत. आकडेवारीच्या सोयीसाठी बहुतेक विक्रम १९६८ पासून मोजले जातात. 'खुल्या युगातील पहिली' यातील पहिले दोन शब्द बातमीतून गळतात आणि उरते ते केवळ 'पहिली'. दुसरे कारण नावाचे. राव हे आडनाव त्या काळी इंग्रजीत 'रो' असा उच्चार होईल अशा रीतीने लिहिले गेले. परदेशी नोंदींत त्या 'मिस रो' आहेत, संस्कृत ग्रंथांत 'लीला राव दयाळ'. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे वाचकाला मुद्दाम सांगावे लागते. विवाहानंतर नाव बदलणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या कामाची नोंद अशीच दोन खात्यांत विभागली गेली आहे. तिसरे कारण असे, की हौशी खेळाडूच्या मागे तिची कीर्ती जपणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. ज्या यशाचा पैसा झाला नाही, त्याचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

मूल्यमापन

लीला राव यांची तुलना आजच्या खेळाडूंशी करणे अप्रस्तुत आहे. त्या कधी ग्रँड स्लॅमच्या अंतिम टप्प्यापर्यंत गेल्या नाहीत. विम्बल्डनमधील त्यांच्या नावावर एकेरीचा एकच विजय आहे. त्यांना मिळालेली संधी त्यांच्या पिढीतील बहुसंख्य भारतीय स्त्रियांना मिळणे शक्य नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु संधी मिळालेल्या सर्वांनाच पिछाडीवरून १०-८ असा सेट काढता येत नाही. राष्ट्रीय विजेतेपद बारा वर्षांच्या काळात सात वेळा जिंकणे तर त्याहून कठीण.

खेळाडूंच्या आजच्या पिढीला पुरस्कर्ते, शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षक मिळू शकतात. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णा यांच्यासह २०२३ मध्ये हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, ते या व्यवस्थेचे फळ आहे. असे असले तरी टेनिस अजूनही खर्चिक खेळ आहे. अमरावती किंवा अकोल्यातील एखाद्या गुणी मुलीला या खेळात पुढे जायचे असेल, तर सराव, स्पर्धा आणि प्रवास यांचा भार बहुतांशी पालकांवरच पडतो. हौशीपणाचा नियम १९६८ मध्ये गेला, पण त्यामागील आर्थिक कुंपण पूर्णपणे हटलेले नाही. लीला राव यांची कारकीर्द त्या कुंपणाच्या आतील होती. त्या आत होत्या म्हणून त्यांचे यश कमी ठरत नाही, आणि बाहेर राहिलेल्या कितीतरी मुलींमध्ये अशी गुणवत्ता नव्हती, असेही त्यातून सिद्ध होत नाही.